वऱ्हाड-मराठवाडा सीमा

जालना जिल्ह्याचा परतूर-मंठा भाग आणि बुलढाणा जिल्ह्याचा लोणार-सिंदखेडराजा भाग यांमधून जाणारी जुनी राज्यसीमा. तिचा उगम सैन्यखर्चाच्या थकबाकीत आहे.

मोगल काळात येथे अशी सीमा नव्हती. १५९६ मध्ये वऱ्हाड अहमदनगरकडून अकबराकडे गेले. त्या सुभ्यात मेहकर व वाशिम यांबरोबरच गोदावरीकाठचे पाथरी हेही सरकार होते. १७२४ मध्ये साखरखेर्डा येथे मुबारिझखानाचा पराभव करून निजामुल्मुल्क दक्षिणेत स्वतंत्र झाला, तरी चौथाईमुळे एकाच गावी निजामाचा व मराठ्यांचा असे दोन अंमल चालत. असईच्या लढाईनंतर देवगावच्या तहाने (१८०३) भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडला व तो निजामास मिळाला.

इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च निजामावर होता. त्याची बाकी वाढत गेली आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब कंपनीकडे लावून देण्यात आले. १८६० मध्ये धाराशिव व रायचूर दुआब परत मिळाले आणि सु. ५० लाखांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले. एका भाषेच्या व एकमेकांशी सोयरीक असणाऱ्या गावांमधून अशा रीतीने राज्यसीमा गेली. लोणारकडे मुंबई इलाख्याच्या धर्तीची रयतवारी मोजणी व मराठी कचेऱ्या आल्या. परतूरकडे सालारजंगाच्या जिल्हाबंदीने (१८६५) तालुकदार नेमले गेले, तथापि दप्तराची भाषा आधी फार्सी व १८८० नंतरच्या दशकात उर्दू राहिली. सामान्य रयतेला ती वाचता येत नसे, हा या कारभाराचा मोठा दोष होय. शिवाय राज्याच्या हद्दीवर मालास करोडगिरी द्यावी लागे.

१९०२ मध्ये वार्षिक २५ लाख रुपयांवर वऱ्हाडाचा कायम पट्टा ठरला व १९०३ मध्ये ते मध्य प्रांतास जोडले गेले. तेथील निजामाचे सार्वभौमत्व पुढे नावापुरतेच उरले. १९३६ मध्ये त्याच्या वारसास मिळालेली ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी त्याचेच द्योतक. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात आले. १९५६ मध्ये मराठवाडा व विदर्भ दोन्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाले. वाटूर ज्या परतूर तालुक्यात आहे तो तालुका परभणी जिल्ह्यातून काढून १ मे १९८१ रोजी नव्या जालना जिल्ह्यास जोडण्यात आला. जुनी रेषा आता जिल्ह्यांची व महसूल विभागांची हद्द म्हणून राहिली आहे.