हिंगोली ते मधुचंद्र, व्हाया मनमाड

मे महिन्यात हिंगोलीच्या बाजारात उभे राहून "मधुचंद्रासाठी एखादी उबदार, निवांत जागा सुचवा हो," असे कुणी विचारले, तर ऐकणारा त्याला आधी सावलीत बसवील, मग फोडलेला कांदा नाकाला लावील आणि हळूच विचारील, "घरचं कुणी सोबत आहे का?" आमच्याकडे उन्हाळ्यात पारा त्रेचाळीसला टेकतो. ऊब आम्हाला घरपोच मिळते. सकाळी आठ वाजता ती पत्र्यावर येते आणि रात्री बारापर्यंत गादीतून हलत नाही. तिच्यासाठी तिकीट काढून परगावी जाणारा माणूस आमच्यात अजून जन्माला यायचा आहे.

पण हा सल्ला जगात दिला जातो, आणि तो खोटाही नाही. फक्त ज्या मुलखात तो दिला जातो, तिथे नवरदेवाच्या नाकाचा शेंडा वर्षातले आठ महिने गार असतो. ती मंडळी उन्हाकडे पळतात, आम्ही गारव्याकडे. म्हणजे मधुचंद्राचा भूगोल प्रेमावर ठरत नाही, थर्मामीटरवर ठरतो. इतिहास मात्र कशावर ठरतो, हे पाहण्यासारखे आहे.

लग्नाच्या बाबतीत आमचा जिल्हा तसा मागासलेला नाही. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा निघालेला हा जिल्हा हळदीसाठी नावाजलेला. वसमत आणि हिंगोली इथले हळदीचे बाजार मोठे. कुठल्या गावच्या नवरीच्या गालाला आमची हळद लागली असेल, सांगता येत नाही. तर हळद आम्ही पिकवली, पण हनीमून मात्र बाहेरून आणावा लागला.

'मधुचंद्र' हा शब्द मुळात आपला नव्हेच. इंग्रजी शब्दाचे दोन तुकडे केले, मधाला मध आणि चंद्राला चंद्र असे प्रामाणिकपणे लिहिले आणि जोडून टाकले. इंग्रजीत तो सोळाव्या शतकापासून सापडतो आणि तेव्हा त्यात प्रवासाचा मागमूस नव्हता. पहिला महिना मधासारखा गोड, आणि पुढे चंद्र जसा कलेकलेने उतरतो तसा गोडवाही उतरत जाणार, असा त्यातला खवचट अर्थ. भाषांतर करताना आपण तो खवचटपणा तेवढा जकात नाक्यावर सोडून आलो.

प्रवास त्याला चिकटला एकोणिसाव्या शतकात. त्यातही सुरुवातीला तिकडची सुखवस्तू जोडपी, लग्नाला येऊ न शकलेल्या नातेवाइकांकडे भेटी देत फिरत, आणि बरोबर एखादी बहीण किंवा मैत्रीणही असे. इंग्रजसुद्धा आधी वऱ्हाड घेऊनच निघत, हे वाचून मला फार हायसे वाटले. खुद्द व्हिक्टोरिया राणीचे लग्न १८४० च्या फेब्रुवारीत झाले. अल्बर्टसाहेबांना जरा जास्त दिवस हवे होते. पण पार्लमेंट चालू आहे, दोन-तीन दिवसांपलीकडे जमायचे नाही, असे राणीने कळवले आणि विंडसरच्या किल्ल्यात तीन दिवसांत सगळे आटोपले. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या मालकिणीची रजा मंजूर होत नाही, तर जिल्हा परिषदेच्या कारकुनाने वाईट का वाटून घ्यावे?

आपल्याकडे त्या काळी हा प्रश्नच नव्हता, कारण नवरी बहुधा आठ-दहा वर्षांची असे. लग्न लागले की ती अर्धवट राहिलेली भातुकली पुरी करायला माहेरी जाई. १९२९ साली हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. मुलगी निदान चौदाची, मुलगा अठराचा. पण कायदा ब्रिटिश मुलखाचा आणि आम्ही निजामाचे. हिंगोलीवरचा हैदराबादचा अंमल संपला तो १९४८ च्या सप्टेंबरात. अठरा आणि एकवीस ही वये तर १९७८ च्या दुरुस्तीने आली. पाटावर बसल्यावर जिला झोप अनावर होते, त्या नवरीला घेऊन "उटी बरी की माथेरान" ही चर्चा कोण करणार?

आणि नवरी मोठी झाली, नांदायला आली, तरी काय? एकत्र कुटुंबात नवरा-बायकोने चारचौघांत एकमेकांशी बोलायचे नाही हा नियम. नाव घ्यायचे ते उखाण्यात, शंभर माणसांसमोर आणि महादेवाच्या पिंडीचा नाहीतर चांदीच्या वाटीचा आधार घेऊन. तहान लागली की नवरा भिंतीकडे बघून म्हणायचा, "पाणी मिळेल का कुणाकडून?" आणि भिंत पदर सावरत तांब्या आणून ठेवायची.

अशा घरातून जोडीने बाहेर पडायचे तर कारण लागे, आणि ज्याला कुणी नाही म्हणू शकत नाही असे कारण एकच. देव! जेजुरी, तुळजापूर, माहूर, ज्याचे जे कुलदैवत असेल तिथे लग्नानंतर जोडीने जायचेच. जेजुरीला तर नवरदेव नवरीला उचलून पायऱ्या चढतो. एरवी जिच्याकडे मान वर करून बघायची चोरी, तिला सगळ्यांदेखत उचलायचे, आणि तेही मातोश्रींच्या हुकमावरून! आपल्या पूर्वजांना काही कळत नव्हते असे म्हणणाऱ्यांनी या पायऱ्यांवर जरा थांबावे.

आमच्या भागात हे काम औंढा नागनाथाकडे. हिंगोलीपासून पंचवीसेक किलोमीटरवरचे हे ज्योतिर्लिंग, देऊळ यादवांच्या काळातले, कोरीव. जवळच नरसी हे नामदेवांचे गाव. नामदेवांना मागल्या बाजूला जाऊन कीर्तन करा म्हटले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी कथा आहे, आणि नंदी मागच्या बाजूला दिसतो तो त्यामुळेच, असे सांगतात. भक्ताची अडचण ओळखून तोंड फिरवणारा हा देव. नव्या जोडप्यांच्या बाबतीतही त्याने हेच केले असावे, असे मला आमच्या आत्याबाईंमुळे वाटते.

आत्याबाईंनी 'मधुचंद्र' हा शब्द आयुष्यात उच्चारला नाही. पण त्यांचा तो झाला, दोन बैलगाड्यांत. पहिल्या गाडीत सासू, आजेसासू, नणंदा आणि नवरी. दुसऱ्या गाडीत पुरुषमंडळी, दशम्यांची टोपली आणि नवरा. दोन गाड्यांमधले अंतर औंढ्यापर्यंत काही कमी झाले नाही. पण तिथली पिंड आहे खाली, तळघरात. अरुंद पायऱ्या, डोके वाकवून उतरायचे, आत समईपुरता उजेड. उन्हातून आलेल्या माणसाला पहिल्यांदा काहीच दिसत नाही. "अरे, हात धर की तिचा, पडंल ना पोरगी," असे सासूबाईच वरून ओरडल्या.

"मग?" आम्ही पोरे विचारायचो.

"मग काय, धरला. आन् कानाशी विचारलं, तुला तुझ्या घरी काय म्हणत होते?"

लग्नात सासरचे नाव ठेवलेले. तेरा दिवस सगळे घर तिला त्याच नावाने हाक मारत होते आणि ती दर वेळी क्षणभर उशिरा वळत होती. माहेरचे नाव त्या घरात विचारणारा हा पहिला माणूस. आत्याबाई पुढे सत्तर वर्षे जगल्या, काशी-रामेश्वर करून आल्या, पण प्रवासाचा विषय निघाला की त्या औंढ्याच्याच पायऱ्या सांगत. तळघरात हवा कोंडलेली, गर्दीने गरम झालेली. उबदार म्हणतात ते हेच असावे.

ज्यांना देव पुरला नाही त्यांना सरकार पावले. रमाबाई रानड्यांचे लग्न १८७३ साली झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या आणि न्यायमूर्ती एकतीस वर्षांचे. न्यायमूर्तींनी लागलीच त्यांना शिकवायला घेतले, आणि बायकोने नवऱ्यासमोर बसून धडे वाचावेत हे घरातल्या बायकांना काही रुचेना. पुढे १८७८ साली नाशिकला बदली झाली, आणि पुण्याच्या वाड्यातली ती बोलणी मागे राहिली. रमाबाईंच्या आठवणी १९१० साली पुस्तकरूपाने आल्या. त्या वाचताना माझ्या मनात येते, की मराठी मध्यमवर्गाचा पहिला मधुचंद्र कुणी घडवला असेल तर तो बदलीच्या हुकमाने. सही शिक्क्याचा कागद, त्याला आजेसासूसुद्धा काय बोलणार?

थंड हवेची ठिकाणे यात फार उशिरा आली, आणि तीही साहेबाने स्वतःसाठी शोधलेली. हिंगोलीलाही छावणी होती, निजामाच्या खर्चाने चालणाऱ्या हैदराबाद कंटिन्जंट फौजेची. लोकरी कोट घालून आमच्या उन्हात कवायत करणाऱ्या त्या गोऱ्या अंमलदारांची मला आजही दया येते. त्याच हैदराबादी फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनने १८२३ साली चिखलदरा हुडकून काढला, असे सांगतात. महाबळेश्वर १८२९ च्या सुमारास गव्हर्नर माल्कमने वसवले. माथेरान १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याला सापडले आणि १९०७ साली तिथे छोटी आगगाडी चढली. ही गावे प्रेमासाठी वसलेली नाहीत, घामासाठी वसलेली आहेत. साहेब गेला, बंगले राहिले, आणि आपली जोडपी तिथे स्वेटर घालून उभी राहिली.

१९६७ साली राजा ठाकुरांचा 'मधुचंद्र' हा चित्रपट आला आणि काशिनाथ घाणेकर व उमा यांच्यामुळे तो शब्द घराघरात मोठ्याने उच्चारता येऊ लागला. मग आमच्याकडचे मास्तर, बँकेतले, पाटबंधारे खात्यातले तरुणही महाबळेश्वरचे नाव काढू लागले. पण हिंगोलीहून महाबळेश्वर म्हणजे पृथ्वीप्रदक्षिणा. आमची गाडी तेव्हा मीटरगेजची. ती पूर्णेपर्यंत. तिथे गाडी बदला. मनमाडला जा, तिथे रूळच बदलतात, मीटरगेज संपून ब्रॉडगेज. पुढे दौंडवरून पुणे आणि मग एस. टी. चार दिवसांच्या रजेतले दोन दिवस ट्रंकेवर बसण्यात जात. पूर्णेच्या फलाटावर हटकून कुणीतरी हाक मारायचे, "काहून रे, गुरुजींचा ना तू? कुठं निघालाव?" झाले! नवरी ट्रंकेच्या त्या टोकाला सरकायची, नवरा वेळापत्रक वाचायला उभा राहायचा.

मनमाडला मात्र ओळखीचे कुणी नसे. रात्रीची वेळ, कुल्हडातला चहा, आणि पुढच्या गाडीला तीन तास अवकाश. त्या पिढीतल्या कितीतरी बायकांकडून मी महाबळेश्वरचे वर्णन मागितले. त्यांना पॉइंटांची नावे आठवत नाहीत, घोडा आठवतो, कुणाकडून तरी मागून आणलेला स्वेटर आठवतो. पण मनमाडचा फलाट बाकासकट आठवतो! तिथेच म्हणे 'अहो' पहिल्यांदा हसले.

या सगळ्या इतिहासातून मी एवढेच शिकलो, की मधुचंद्र हे गाव नाही, अंतर आहे. घरातल्या चार माणसांपासूनचे अंतर.

मात्र हे अंतर सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नाही. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून, बीडमधून सर्वांत जास्त पण आमच्याकडूनही, ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो ती बहुतेक जोडीला, आणि त्या जोडीला म्हणतात 'कोयता'. एकट्या माणसाचा अर्धा कोयता. म्हणून हंगामाच्या तोंडावर घाईघाईने लग्ने उरकतात. काही तर कारखान्याच्या गेटजवळच, त्यांना 'गेटकेन' लग्न असेच म्हणतात. १९७८ ने सांगितलेली अठरा वर्षे नवरीला पुरी झालेली असतातच असे नाही. त्यांचाही पहिला प्रवास जोडीने होतो, घरापासून शेकडो किलोमीटर. राहायला पाचटाची खोपी, पहाटेच्या थंडीत शेकोटी. उबदार म्हणाल तर आहे. निवांत मात्र नाही.

आता आमचा मार्ग रुंद झाला. पोरे गोव्याला जातात, केरळला जातात, ऐपत असली तर मालदीवलाही. पण अंतराचे काय? समुद्रकिनाऱ्यावर पाय टेकतो न टेकतो तोच फोन वाजतो. "पोचलात का? हॉटेल दाखव बरं. आजीला दाखव. बाथरूम दाखव." पूर्वीच्या वऱ्हाडाला दोन बैलगाड्या लागत. आताचे खिशात मावते.

तेव्हा ज्यांना उबदार आणि निवांतच हवे असेल त्यांनी लग्न मार्गशीर्षात करावे. आमच्याकडे तेव्हा रात्री चांगल्या गारठ्याच्या असतात आणि ऊब ही मागून घ्यायची वस्तू होते. माहूरला रेणुकामातेचे दर्शन घ्यावे, म्हणजे घरचे खूश. तिथून किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरला जावे, तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. परतताना हुरड्याचे दिवस लागलेच असतील, तर कुणाच्या तरी शेतात आगटीजवळ बसावे, हातावर चोळलेला गरम हुरडा खावा. फोन गाडीत ठेवावा.

आणि कुठेही जा, पण ठिकाण पक्के करताना भाडे, हवा, जेवण यांच्या आधी एकच चौकशी करावी, तिथे आपल्या ओळखीचे कुणी नाही ना? "अरे, तिथं आपल्या साडूचा बंगला आहे, हक्काने उतरा," असे कुणी प्रेमाने म्हणाले, की ते गाव कितीही उबदार असले तरी यादीतून खोडून टाकावे.