डेव्हिसचा तळ, अर्विनव्हिल

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील एक स्मृतिस्थळ. यादवी युद्धात (१८६१–६५) फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस १० मे १८६५ रोजी पहाटे येथेच पकडला गेला. जागेवर त्याचा ब्राँझचा अर्धपुतळा आहे. त्याच्या पलायनाच्या वाटेवरही रस्त्याकडेला जागोजागी फलक दिसतात.

एप्रिलच्या आरंभी दक्षिणेची राजधानी रिचमंड पडली आणि सरकार दक्षिणेकडे पळत सुटले. वॉशिंग्टन या जॉर्जियातल्या गावी मंत्रिमंडळ पांगले. २ मे रोजी डेव्हिसवर एक लाख डॉलरचे इनाम लागले. आरोप होता राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या खुनाच्या कटाचा. पुढे डेव्हिसने पत्नी व्हरिना आणि मुलांच्या ताफ्याला गाठले, कारण वाटेत लुटारूंची हूल होती. ९ मेच्या रात्री एकट्याने पुढे निघायचे म्हणून त्याचा घोडा खोगीर चढवून तयार होता. तो निघालाच नाही.

पाठलागावर उत्तरेच्या घोडदळाच्या दोन तुकड्या होत्या: हार्नडेनची विस्कॉन्सिनची आणि प्रिचर्डची मिशिगनची. डब्लिन येथे एका कृष्णवर्णीय माणसाने आपल्याला ताफ्याची खबर दिली, असे हार्नडेनने लिहून ठेवले आहे. मिशिगनवाल्यांनी पहाटे तळ घेरला आणि एकही गोळी न झाडता ताब्यात घेतला. तेवढ्यात ओढ्यापलीकडे अंधारात दोन्ही तुकड्यांनी एकमेकांनाच शत्रू समजून गोळीबार केला. मिशिगनचे दोन सैनिक ठार झाले. त्या पहाटेचे मृत्यू एवढेच, आणि तेही आपसातले! डेव्हिस तंबूतून बाहेर पडला तेव्हा अंगावर पत्नीचा पावसाळी कोट आणि शाल होती. उत्तरेकडच्या व्यंगचित्रकारांनी त्याला थेट घागऱ्यात रंगवले. ती निव्वळ टवाळी होती.

डेव्हिसच्या वाटेवर दिसतात तसे फलक राज्यात मोठ्या प्रमाणावर लावले ते १९५१ मध्ये स्थापन झालेल्या जॉर्जिया ऐतिहासिक आयोगाने. हिरवी ओतीव पाटी, वर राज्याची मुद्रा आणि खाली दाटीवाटीने बसवलेला मजकूर, असे त्यांचे रूप. तो काळही ध्यानात घ्यायला हवा. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला आणि १९५६ मध्ये जॉर्जियाने राज्यध्वजावर दक्षिणेचे युद्धचिन्ह चढवले. पळत्या नेत्याने रात्र कुठे काढली, याला एवढे मोल का आले, हे १८६५ पेक्षा या दशकावरून अधिक उमगते. गुलामगिरी टिकवण्यासाठी उभे राहिलेले सरकार येथे संपले, हे डेव्हिसच्या मुक्कामांइतक्याच ठळकपणे पाटीवर यायला हवे.

डेव्हिसला मन्रो किल्ल्यात दोन वर्षे कैदेत ठेवले, पण खटला कधी चाललाच नाही. तो १८८९ मध्ये वारला. त्याचे नागरिकत्व बहाल करणाऱ्या ठरावावर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली, ते जॉर्जियाचेच.