कानातले रातकिडे

माझ्या मामाचं गाव अंबाजोगाई तालुक्यात. ऐंशीच्या दशकात उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलो की मामेभाऊ सकाळी ओसरीवर बसलेला दिसायचा. वय आठ, पण गुडघे सुजलेले आणि आखडलेले. तासाभराने कुठे मोकळे व्हायचे. औषध म्हणजे अ‍ॅस्पिरिन, दिवसातून चार वेळा. एकदा मला म्हणाला, "कानात रातकिडे ओरडायलेत." भर दुपारी! मी हसलो. मामी म्हणायची, "हाका मारून घसा बसला माझा, ह्याचं ध्यानच नसतंय." शाळेतही हीच तक्रार.

परवा शनिवारी यामागचा इतिहास चाळत बसलो आणि ते हसू आठवून ओशाळलो.

१८९७ साली लंडनच्या जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या तरुण डॉक्टरने २२ मुलांवर एक निबंध छापला. मुलांचा संधिवात म्हणजे मोठ्यांच्या संधिवाताची छोटी आवृत्ती नाही, हे त्याने दाखवलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी जर्मनीत बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत फेलिक्स हॉफमनने शुद्ध अ‍ॅस्पिरिन बनवलं. पुढे विसाव्या शतकात बराच काळ या मुलांचं मुख्य औषध तेच होतं, तेही मोठ्या डोसमध्ये.

किती मोठ्या? डॉक्टरांचा जुना ठोकताळा होता: कान वाजेपर्यंत डोस वाढवायचा, मग थोडा खाली आणायचा. आपल्या भाषेत लोड टेस्टिंग, अलार्म वाजला की थांबा! घोळ एवढाच की हा अलार्म फक्त पेशंटला ऐकू येतो. मोठा माणूस सांगतो. लेकराला वाटतं, सगळ्यांनाच असं ऐकू येत असेल. आणि सांगितलंच, तर आमच्यासारखे हसतात. डोस कमी केला की हा त्रास बहुतेक वेळा जातो, पण कुणी ओळखला तर.

हां, सगळा दोष गोळीचा नाही. कानात हातोडी, ऐरण आणि रिकीब नावाची तीन चिमुकली हाडं असतात, आणि त्यांच्यामध्ये खरेखुरे सांधे. आतलं अस्तर गुडघ्यासारखंच! म्हणजे गुडघ्यात जी सूज येते, ती तिथेही येऊ शकते. अशा मुलांच्या श्रवणचाचण्या झाल्या, तेव्हा काही अभ्यासांत सौम्य दोष सापडले, काहींत फारसे नाहीत.

ऐंशीच्या दशकात राय सिंड्रोमच्या धोक्यामुळे मुलांना अ‍ॅस्पिरिन देणं कमी झालं. १९९२ मध्ये मेथोट्रेक्सेट या मुलांना उपयोगी पडतं हे मोठ्या चाचणीत दिसलं. आज या आजारात डोळ्यांची तपासणी ठरलेली असते, कारण डोळ्यांतली सूज गुपचूप येते. कानांना अजून तसा मान नाही.

आता आपल्या बीडचं. अंबाजोगाईत वैद्यकीय महाविद्यालय आलं १९७४ साली. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेत मुलांची तपासणी होते, त्यात ऐकण्याचा दोषही धरलेला आहे. कागदावर उत्तम. पण दिवाळीच्या आसपास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात आणि कित्येक लेकरं आईबापांबरोबर उसाच्या फडावर जातात. पथक शाळेत येईल त्या दिवशी ते पोर तिथे नसेल, तर त्याचा कान कोण तपासणार? महिनोन्‌महिने चालणाऱ्या आजारात तर फॉलो-अप हाच अर्धा उपचार.

मामेभावाचं पुढे काय झालं? एका नव्या डॉक्टरांनी गुडघे बघता बघता सहज विचारलं, "कानात काही वाजतं का रे?" तो म्हणाला, "रातकिडे." डोस उतरवला. काही दिवसांत रातकिडे गप्प झाले आणि मामीच्या पहिल्या हाकेला ओ मिळाली.

तुमच्या ओळखीत असं मूल असेल तर गोळ्या मनाने बंद करू नका. फक्त हा प्रश्न विचारा, आणि उत्तर ऐकून हसू नका.