एकोणऐंशी भागांचं पारायण

3 जून 1969 रोजी अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीनं 'स्टार ट्रेक'चा शेवटचा भाग दाखवला आणि मालिकेचा गाशा गुंडाळला. माणूस चंद्रावर उतरायला तेव्हा जेमतेम दीड महिना उरला होता. अंतराळाचं एवढं वेड असलेल्या देशात अंतराळावरचीच मालिका प्रेक्षक नाहीत म्हणून बंद पडावी, हा योग विचित्रच. तीन हंगाम, 79 भाग, आकडे कायम मध्यम. त्या काळच्या हिशेबानं ही एक फसलेली मालिका होती.

आज तिला अभिजात म्हणतात. तो मान तिला पहिल्या प्रक्षेपणानं दिला नाही. तो दिला नंतरच्या पुनःप्रक्षेपणांनी आणि तेच तेच भाग एकत्र बसून पाहणाऱ्या मंडळींनी.

खरं तर मालिका दुसऱ्या हंगामानंतरच जायची. तेव्हा ओकलंडच्या ब्यो आणि जॉन ट्रिम्बल या दांपत्यानं पत्रमोहीम उभारली. पत्र कसं लिहावं, कुणाला लिहावं, पाकिटावर मालिकेचं नाव का टाकू नये, अशा बारीक सूचना त्यांनी देशभरच्या चाहत्यांना पाठवल्या. जानेवारी 1968 मध्ये कॅलटेकचे विद्यार्थी हातात मशाली घेऊन बरबँकच्या एनबीसी कार्यालयावर चालून गेले. पत्रं नेमकी किती आली याचा आकडा सांगणाऱ्यागणिक फुगत गेला आहे, त्यामुळे तो बाजूलाच ठेवलेला बरा. पण 1 मार्च 1968 च्या भागानंतर वाहिनीनं पडद्यावरूनच जाहीर केलं, की मालिका पुढे चालू राहणार आहे. पत्रं थांबवा, अशी ती विनवणीच होती.

तिसरा हंगाम मिळाला, पण शुक्रवारी रात्री दहाला. ज्या तरुणांसाठी मालिका होती, ते त्या वेळी घरी कशाला थांबतील? हंगाम पडला. कथाही बऱ्याच ठिकाणी पडेल होत्या, हे चाहतेसुद्धा मान्य करतात. तरी त्या लंगड्या हंगामानं एक मोठं काम केलं. भागांची संख्या एवढी वाढली, की स्थानिक केंद्रांना मालिका रोज दाखवणं परवडू लागलं.

फिलाडेल्फिया, बॉस्टन, डेट्रॉइट अशा शहरांत केंद्रं असलेल्या कायझर ब्रॉडकास्टिंगनं पुनःप्रक्षेपणाचे हक्क आधीच घेऊन ठेवले होते. त्यांनी 'स्टार ट्रेक' लावली ती संध्याकाळी सहाच्या सुमारास, इतर वाहिन्यांवर बातम्या चालू असताना. बातम्यांत रस नसलेली शाळा-कॉलेजची पोरं आपोआप इकडे वळली. आठवड्याला पाच भाग म्हटले, तर 79 भाग सोळा आठवड्यांत संपतात. संपले की पुन्हा पहिल्यापासून. वर्षभरात मालिकेची तीन पारायणं सहज व्हायची. एकदा पाहिलं की विसरायचं, हा दूरचित्रवाणीचा तोवरचा रिवाज इथे मोडला.

घरी व्हिडिओ रेकॉर्डर येण्याच्या आधीचा हा काळ. चाहते टीव्हीच्या स्पीकरजवळ टेपरेकॉर्डर धरून संवाद उतरवून घेत, पडद्याचे फोटो काढत. कॉलेजच्या वसतिगृहांत सामायिक टीव्हीपुढे गर्दी होई आणि पात्राच्या तोंडातून वाक्य बाहेर पडण्याआधी खोलीतून ते ऐकू येई. पुढे जास्त जाहिराती बसवण्यासाठी केंद्रं भागांना कात्री लावू लागली, तेव्हा नेमकं कुठलं दृश्य उडवलं हे ही मंडळी ताबडतोब सांगत. ब्यो ट्रिम्बल यांनी तर 1969 मध्येच मालिकेतली पात्रं, ग्रह, यंत्रं यांचा 'स्टार ट्रेक कॉनकॉर्डन्स' हा कोश काढला. दूरचित्रवाणीच्या एखाद्या मालिकेसाठी कुणी एवढी मेहनत घ्यावी, हे तेव्हा विक्षिप्तपणाचंच लक्षण मानलं जात असणार.

या साऱ्या खटाटोपात बायका पुढे होत्या, आणि ही गोष्ट सांगताना ती सर्रास गाळली जाते. 'स्पॉकनेलिया' हे 'स्टार ट्रेक'ला वाहिलेलं पहिलं चाहता-नियतकालिक देव्ह्रा लँगसॅम आणि शर्ना कॉमरफर्ड यांनी 1967 मध्ये सायक्लोस्टाइल करून काढलं. जानेवारी 1972 मध्ये न्यूयॉर्कच्या स्टॅटलर हिल्टन हॉटेलात पहिलं मोठं संमेलन भरलं, त्याच्या संयोजकांतही लँगसॅम आणि जोन विन्स्टन होत्या. पाचेकशे माणसं येतील असा अंदाज होता. आली तीन हजारांच्या वर. मालिकेचे निर्माते जीन रॉडनबेरी आले, आयझॅक असिमोव्ह आले, नासानं आपल्या वस्तू मांडल्या. बंद पडून अडीच वर्षं झालेल्या मालिकेसाठी ही जत्रा! अशा संमेलनांत जुने भाग मोठ्या पडद्यावर दाखवले जात. घरी काळ्या-पांढऱ्या संचावर मालिका पाहिलेल्या कितीतरी जणांना गणवेशांचे लाल-निळे-सोनेरी रंग दिसले ते तिथेच.

या मंडळींचं वजन पुढे व्हाइट हाऊसपर्यंत पोचलं. नासाच्या पहिल्या स्पेस शटलचं नाव 'कॉन्स्टिट्यूशन' ठरलं होतं. चाहत्यांच्या पत्रांचा ढीग पडल्यावर 1976 मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी ते मालिकेतल्या अंतराळजहाजाच्या नावावरून 'एंटरप्राइझ' केलं. 1979 मध्ये मोठ्या पडद्यावरचा पहिला चित्रपट आला. त्यातली इलिया ही व्यक्तिरेखा रंगवली होती मुंबईच्या पर्सिस खंबाटा यांनी, डोकं तुळतुळीत करून. आपल्याकडे मूळ मालिका पोचली ती ऐंशीच्या दशकात, दूरदर्शनवर, रविवारी सकाळी. तिथेही ती जुनीच होती. पण पाहणाऱ्यांना ती नवी कोरी.

पहिला चित्रपट संथ होता आणि भलताच महागही पडला. दुसऱ्याची जबाबदारी निर्माते हार्व्ह बेनेट यांच्याकडे आली. त्यांना 'स्टार ट्रेक'ची फारशी ओळख नव्हती, म्हणून त्यांनी चाहत्यांचाच मार्ग धरला: सगळे भाग बसून पाहिले. त्यांतून त्यांनी उचलला 1967 मधला 'स्पेस सीड' हा भाग. त्याचा खलनायक खान नूनियन सिंग. मालिकेतली इतिहासतज्ज्ञ त्याला पाहताच हा उत्तर भारतातला, बहुधा शीख असावा, असा तर्क करते. भूमिका मेक्सिकन नट रिकार्डो मोंटालबान यांची. दाढी नाही, पगडी नाही, पण रुबाब असा की पाहणारा बाकी सगळं माफ करतो.

1982 मध्ये 'द रॅथ ऑफ खान' झळकला आणि अजूनही तो या मालिकेवरचा सर्वोत्तम चित्रपट म्हणून मिरवतो. पण त्यात खान जहाजावरच्या चेकॉव्ह या अधिकाऱ्याला पाहताक्षणी ओळखतो, आणि पारायणं केलेल्या प्रेक्षकांनी तिथेच कान टवकारले. चेकॉव्ह मालिकेत आला दुसऱ्या हंगामात. 'स्पेस सीड' पहिल्या हंगामातला. मग ओळख झाली कधी? चेकॉव्ह साकारणारे वॉल्टर कोनिग यांना संमेलनांत हा प्रश्न पुनःपुन्हा विचारला गेला. त्यावर त्यांनी एक उत्तर तयार ठेवलं: चेकॉव्ह तेव्हा जहाजावर होताच, फक्त कॅमेऱ्यासमोर नव्हता. तो स्वच्छतागृहात बसून राहिला होता, आणि बाहेर ताटकळलेल्या खाननं त्याचा चेहरा कायमचा लक्षात ठेवला.