कुसू, कब्जा आणि काडेपेटीच्या काड्या

आमच्या इंदुरी मराठीत बिजागरीला कब्जा म्हणतात. लग्न होऊन पुण्याहून आलेली माझी जाऊ पहिल्याच आठवड्यात चक्रावली होती. सासूबाई म्हणाल्या, "कपाटाचा कब्जा गेलाय." तिने विचारलं, "कुणी घेतला?" पुढे कित्येक वर्षं घरात तो विनोद चालला.

गेल्या पावसाळ्यात नातीच्या लॅपटॉपचा डावा कब्जा गेला. झाकण उघडताना कट्‌ असा आवाज झाला आणि कोपऱ्यातलं प्लास्टिक फुगून वर आलं. ती एका दुकानात घेऊन गेली. तिथल्या पोराने वरवर बघून निकाल दिला, "पूरा पैनल बदलेगा." सांगितलेला आकडा ऐकून मी म्हटलं, घरी आण. मी फिटरची मुलगी आहे. आप्पा इथल्याच एका कापडगिरणीत फिटर होते. त्यांचं एक वाक्य मला पाठ आहे: कब्जा सहसा मोडत नाही, त्याला धरणारं मोडतं.

हे किती जुनं शहाणपण आहे, ते आमच्या रामबागेतल्या जुन्या घराचं दार पाहिलं असतं तर कळलं असतं. त्या दाराला लोखंडी बिजागरी नव्हतीच. फळीच्या एका कडेला, वर आणि खाली, त्याच लाकडातून काढलेली दोन कुसवं. खालचं कुसू उंबरठ्याच्या खळग्यात, वरचं चौकटीच्या भोकात. त्यांच्यावर दार फिरायचं. हिंदीत याला चूल म्हणतात. 'चूलें हिल गईं' असं आजही इथे जो तो म्हणतो, पण ज्या दारावरून ते आलं ते दार आता फार थोड्यांनी पाहिलं असेल. कुसू झिजायचं, दार कुरकुरायचं, खाली घासायचं. मग सुतार येऊन खळग्यात चकती टाकायचा किंवा कुसवाला नवा तुकडा जोडायचा. खंडेनवमीला आप्पा हत्यारं पुसून पूजेला मांडायचे, आणि उरलेलं तेल दाराच्या कुसवांना घालायचे. त्यांच्या लेखी तीही पूजाच.

दारावरून होळकरांचा राजवाडा आठवतो. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. समोर लोखंडी खिळे ठोकलेला अवाढव्य दरवाजा. हा वाडा तीनदा जळला: १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटलं तेव्हा, मग १९०८ मध्ये, आणि १९८४ च्या दंगलीत. शेवटची आग आमच्या पिढीने पाहिली. पुढचा भाग वाचला, मागचा गेला. तो मागचा भाग या शतकात उषादेवी होळकरांच्या पुढाकाराने जुन्याच सामानाने, जुन्याच पद्धतीने पुन्हा उभा राहिला. लाकडात लाकूड अडकवून बांधलेल्या वास्तूचं हे एक बरं असतं. जोड कुठे आहे ते दिसतं, म्हणून हात कुठे घालायचा तेही कळतं.

लोखंडी कब्ज्याकडे वळण्याआधी इंदुरातल्या रेल्वेची गोष्ट सांगायला हवी. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० मध्ये खंडवा-इंदूर मार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. गाडी आली, गिरण्यांची यंत्रं आली, आणि यंत्रांमागून फिटर नावाची जात आली. या जातीत कुणीही जाऊ शकत होतं. अट एवढीच, की हाताला पान्याचं वजन कळलं पाहिजे.

लोखंडी कब्ज्याने एक सोय केली. चार स्क्रू काढले की चौकटीला धक्का न लावता दार हातात येतं. पण त्याने एक नवं दुखणंही आणलं. लोखंड शाबूत राहतं आणि लाकडातलं भोक मोठं होतं. स्क्रू नुसताच फिरत बसतो. आप्पांचा उपाय काडेपेटीतला. दोन-तीन काड्यांची गुलं मोडायची, काड्या सरसात बुडवून भोकात ठोकायच्या, रात्रभर वाळू द्यायच्या आणि सकाळी स्क्रू पिळायचा.

१९५५ मध्ये मालवा हाऊसमधून आकाशवाणीचं इंदूर केंद्र सुरू झालं. घरोघरी रेडिओ आले तसे आप्पांचे रविवार ते दुरुस्त करण्यात जाऊ लागले. पुढे गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले आणि असे कितीतरी हात घराच्या ओट्यावर येऊन बसले. पंखे, मिक्सर, शिलाई मशीन, जे येईल ते. आज जेल रोडवर आणि सिल्व्हर मॉलमध्ये भिंग लावून बसलेली पोरं मला त्याच घराण्यातली वाटतात. फरक एवढाच, की त्यांच्यापुढे येणारी वस्तू उघडायची म्हणून बनवलेलीच नसते.

लॅपटॉपचं मिटणारं झाकण १९८२ मध्ये 'ग्रिड कंपास' या यंत्रातून बाजारात आलं. रचनाकार होते बिल मॉगरिज. पेटी मॅग्नेशियमची, किंमत आठ हजार डॉलरांहून जास्त. ते अंतराळयानातूनही गेलं. त्या पेटीत कब्ज्याला धरणारा धातू होता. आमच्या नातीच्या यंत्रात धरायला प्लास्टिक आहे.

मी तळाचं झाकण काढलं आणि सगळ्यांत आधी बॅटरीची पिन सोडवली. आत पाहिलं तर आप्पांचं वाक्य समोर उभं. कब्जा ठणठणीत! त्याच्या कण्यावर वायसर दाबून बसवलेले असतात. त्यांच्या घर्षणामुळे पडदा हवा तिथे थांबतो. त्यातलं ग्रीस सुकलं की कब्जा आवळतो, आणि आपण झाकण एका कोपऱ्याला धरून उघडतो, तेव्हा सगळा जोर तीन बारीक स्क्रूंवर जातो. ते स्क्रू पितळी बुशींत, आणि बुशी प्लास्टिकच्या खुंट्यांत. खुंट्या फुटल्या होत्या.

आधी कब्ज्याचं नट पाव फेरा सैल केलं. नुसतं चिकटवून आवळलेला कब्जा तसाच ठेवला, तर आठवड्यात पुन्हा तुटणार. मग प्लास्टिक पॉलिशपेपरने खरवडलं. स्क्रूंना तेलाचं बोट लावलं, नाहीतर तेही कायमचे चिकटतात. अरल्डाइटच्या दोन्ही नळ्यांतून सारखं सारखं घेऊन कालवलं आणि बुशी जागेवर बसवल्या. शेजारून पडद्याची चपटी केबल जाते, तिला सांभाळत. चोवीस तास हात लावला नाही. दोन बुशींनी धरलं. तिसरीच्या खाली खुंटीच उरली नव्हती. तिथे तळातून आरपार भोक पाडून नटबोल्ट घातला.

नात म्हणाली, "आजी, बोल्टचं डोकं दिसतंय."

मी तिला स्वयंपाकघरातल्या कपाटापाशी नेलं आणि वरच्या कब्ज्याचा एक स्क्रू काढून दाखवला. भोकात आप्पांच्या काड्या अजून आहेत, काळ्या पडलेल्या. तिने मोबाईलचा उजेड पाडून पाहिलं, काही बोलली नाही, स्क्रू स्वतःच परत पिळला. लॅपटॉपचं झाकण आता थोडं सैल आहे, रेल्वेत मांडीवर ठेवलं की मागे कलतं. ती ते मधोमध धरून उघडते.