लोकांनी नाकारलेला कायदा आणि त्यानंतर: ‘सेव्ह अवर स्कूल्स ॲरिझोना’ची वाटचाल

६ एप्रिल २०१७ या दिवशी अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या विधिमंडळाने एक विधेयक काठावरच्या बहुमताने मंजूर केलं. वरच्या सभागृहात १६ विरुद्ध १३, खालच्या सभागृहात ३१ विरुद्ध २८. राज्यपाल डग ड्यूसी यांनी त्याच दिवशी त्यावर सही केली. मूल सरकारी शाळा सोडून गेलं, तर त्याच्यावर राज्य करत असलेल्या खर्चाचा मोठा भाग पालकांच्या खात्यात जमा करायचा आणि त्यातून पालकांनी खासगी शाळेची फी, शिकवणी किंवा घरच्या घरी शिकवण्याचा खर्च भागवायचा, अशी ही योजना. ती आधीपासून होती, पण काही ठरावीक मुलांसाठी. नव्या कायद्याने राज्यातली सुमारे ११ लाख मुलं टप्प्याटप्प्याने तिला पात्र ठरणार होती. प्रत्यक्ष लाभ घेणाऱ्यांची मर्यादा मात्र साधारण ३० हजारांवर ठेवली होती.

या विधेयकाला विरोध करताना सहा बायका एकत्र आल्या, आणि त्यातून ‘सेव्ह अवर स्कूल्स ॲरिझोना’ ही संस्था उभी राहिली. कुणी शिक्षिका, कुणी सरकारी शाळेतल्या मुलांच्या आया. त्यांच्यामागे पक्ष नव्हता, पैसा नव्हता, राजकारणाचा म्हणावा असा अनुभवही नव्हता. टेम्पी शहरातल्या प्राथमिक शिक्षिका बेथ लुईस आणि संवादशास्त्राच्या अध्यापिका डॉन पेनिच-थॅकर ही त्यांच्यातली पुढे राज्यभर माहीत झालेली नावं. कायदा झाला तेव्हा हात चोळत बसण्याऐवजी त्यांनी राज्यघटना उघडली.

ॲरिझोनाची राज्यघटना हे एक वेगळंच प्रकरण आहे. १९१२ साली हा प्रदेश राज्य झाला, तेव्हा पुरोगामी चळवळीचा जोर होता. लोकांनी स्वतः कायदा सुचवणं, विधिमंडळाने केलेला कायदा मतदानाला खेचणं आणि निवडून दिलेल्या माणसाला परत बोलावणं, हे तिन्ही अधिकार घटनेत लिहिले गेले. न्यायाधीशांनाही परत बोलावता येण्याचं कलम पाहून राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी राज्याचा दर्जा अडवला होता. ते कलम काढलं, दर्जा मिळाला आणि लगेच लोकांनी ते पुन्हा घातलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲरिझोनातल्या स्त्रियांना मताचा हक्क मिळाला, तोही विधिमंडळाच्या कृपेने नव्हे, तर सह्या गोळा करून मतदानाला आणलेल्या प्रस्तावामुळे. शंभर वर्षांनी या सहा जणींनी हातात घेतलेलं हत्यार असं जुनं आणि त्यांच्याच हक्काचं होतं.

आपल्याकडे या अधिकाराच्या जवळ जाणारी एकच गोष्ट चटकन आठवते. गावातल्या स्त्रियांनी सह्या करून मतदान मागायचं आणि ‘आडवी बाटली’ निवडून दारूचं दुकान बंद पाडायचं. ॲरिझोनात हाच न्याय राज्याच्या अख्ख्या कायद्याला लावता येतो. अधिवेशन संपल्यापासून ९० दिवसांत ठरलेल्या संख्येइतक्या सह्या जमल्या, तर तो कायदा सार्वत्रिक मतदानापर्यंत लागूच होत नाही.

२०१७ साली ही संख्या होती ७५,३२१. अधिवेशन मे महिन्यात संपलं, म्हणजे हाती आलेले ९० दिवस सगळे उन्हाळ्याचे, आणि फीनिक्सच्या उन्हाळ्यात पारा ४३ अंशांच्या वर जाणं नित्याचं. ग्रंथालयाच्या दारात, शेतकरी बाजारात, दुकानांसमोरच्या वाहनतळांवर क्लिपबोर्ड घेऊन माणसं उभी राहिली. काम दिसतं तेवढं सोपं नाही. एका कागदावर १५ सह्यांच्या ओळी. सही आपल्यासमोर झाली अशी शपथ सह्या घेणाऱ्याने कागदाच्या मागच्या बाजूला द्यायची आणि ती नोटरीकडून प्रमाणित करून घ्यायची. पत्ता अर्धवट राहिला, तारीख चुकली, सही करणारा मतदार यादीत नसला, तर ती ओळ बाद. असल्या मोहिमा तिथे बहुधा पगारी माणसं लावून चालवल्या जातात. इथे बहुतेक सगळे स्वयंसेवक होते. ८ ऑगस्टला त्यांनी १,११,५४० सह्या दाखल केल्या.

मग कोर्ट. योजनेच्या पाठीराख्यांनी सह्यांना आव्हान दिलं. मार्च २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मतदानाचा रस्ता मोकळा केला. हा प्रश्न आता ‘प्रस्ताव ३०५’ झाला होता: २०१७ चा कायदा ठेवायचा की नाही?

त्याच वसंत ऋतूत राज्यातले शिक्षक लाल शर्ट घालून रस्त्यावर उतरले. २००८ च्या मंदीनंतर ॲरिझोनाने शिक्षणावरचा खर्च कापला होता आणि दर विद्यार्थ्यामागच्या खर्चात हे राज्य देशाच्या तळाशी होतं. २६ एप्रिल ते ३ मे असा राज्यव्यापी संप झाला, शाळा बंद राहिल्या आणि २०२० पर्यंत पगारात २० टक्के वाढ देण्याचं आश्वासन अर्थसंकल्पात उतरलं. प्रस्ताव ३०५ आणि हा संप या दोन वेगळ्या गोष्टी. पण जी आई क्लिपबोर्ड घेऊन उन्हात उभी राहिली होती, ती शिक्षकांच्या मोर्च्यात होतीच, आणि मोर्च्यातल्या शिक्षकाला ३०५ म्हणजे काय हे आता समजावून सांगावं लागत नव्हतं.

नोव्हेंबर २०१८ मध्ये सुमारे ६५ टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटलं. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, कायद्यावर सही करणारे ड्यूसी मोठ्या फरकाने पुन्हा निवडून आले. मला या निकालातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. राज्यपाल म्हणून ड्यूसी पसंत असलेल्या हजारो रिपब्लिकन मतदारांनी शाळेच्या प्रश्नावर त्यांच्या विरुद्ध मत दिलं. सरकारी शाळा हा तिथे पक्षाचा मामला नाही. लहान गावात ती एकच शाळा असते, तिथल्या मैदानावर शुक्रवारी रात्री सगळं गाव फुटबॉल बघायला जमतं, आणि योजनेचे पैसे घेऊन जायला दुसरी शाळा आसपास नसतेच.

एक गुंतागुंतही सांगितली पाहिजे. योजनेच्या काही कट्टर समर्थकांनाही ३०५ मंजूर व्हायला नको होता. १९९८ च्या एका घटनादुरुस्तीनुसार मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्यात विधिमंडळाला सहजी हात घालता येत नाही. म्हणजे ३०५ मंजूर झाला असता, तर ३० हजारांची मर्यादाही पक्की झाली असती. त्यांना मर्यादाच नको होती.

या घटनादुरुस्तीची दुसरी बाजू संस्थेला चार वर्षांनी भोवली. मतदारांच्या ‘हो’ला संरक्षण आहे, ‘नाही’ला नाही. लोकांनी फेटाळलेला कायदा विधिमंडळ नव्या क्रमांकाने, नव्या मसुद्यात पुन्हा आणू शकतं.

मधल्या काळात चळवळीची ताकद पैशाच्या प्रश्नावर लागली. श्रीमंतांवर कर बसवून शाळांना निधी देण्याचा एक प्रस्ताव २०१८ मध्येच न्यायालयाने मतपत्रिकेवरून काढला होता. एक कारण असं, की त्याच्या सारांशात करवाढ टक्क्यांत सांगितली होती, ती टक्केबिंदूंत सांगायला हवी होती. २०२० साली तसाच ‘प्रस्ताव २०८’ आला आणि ५१ टक्क्यांहून थोड्या जास्त मतांनी मंजूर झाला: एकट्याचं उत्पन्न अडीच लाख डॉलरच्या वर किंवा जोडप्याचं पाच लाखांच्या वर असेल, तर वरच्या रकमेवर साडेतीन टक्के अधिभार. शाळांना त्यातून काहीच मिळालं नाही. शाळांनी वर्षाला किती खर्च करावा याची मर्यादा १९८० पासून घटनेत आहे. अधिभाराचा पैसा ती ओलांडेल, या कारणाने मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला. पुढच्याच महिन्यात, श्रीमंतांना सर्वाधिक लाभ देणाऱ्या, एकाच दराच्या नव्या सपाट कराविरुद्ध जमवलेल्या सह्याही सर्वोच्च न्यायालयाने निष्फळ ठरवल्या. शासन चालवण्यासाठीच्या करकायद्यावर सार्वमत मागता येत नाही, असं न्यायालय म्हणालं.

आणि ७ जुलै २०२२ ला ड्यूसी यांनी नव्या कायद्यावर सही केली. या वेळी टप्पे नाहीत, मर्यादा नाही. राज्यातलं प्रत्येक मूल पात्र, साधारण सात हजार डॉलर प्रत्येकी. संस्था पुन्हा उन्हात उतरली. आता सह्या हव्या होत्या १,१८,८२३. दाखल करताना १,४१,७१४ सह्या असल्याचं संस्थेने जाहीर केलं. पण कागद मोजले, तर ते सांगितलेल्या १०,२०० ऐवजी ८,१७५ निघाले. योजनेच्या बाजूच्या गोल्डवॉटर इन्स्टिट्यूटच्या मोजणीत सह्या ९० हजारांच्याही आत होत्या. संस्थेने आकडा चुकल्याचं मान्य केलं आणि कायदा लागू झाला. ज्या संघटनेची ओळखच सह्यांच्या अचूक कामामुळे झाली होती, तिच्यासाठी हा घाव फार खोल होता.

विस्ताराआधी या योजनेत सुमारे १२ हजार मुलं होती. २०२४ संपता संपता ती ८० हजारांच्या पुढे गेली. वार्षिक खर्च २० कोटी डॉलरच्या आसपास होता, तो दोन वर्षांत ७० कोटींच्या घरात पोचला. पहिल्या अर्जांपैकी सुमारे ७५ टक्के मुलांची सरकारी शाळेत कधीच नोंद नव्हती, असं राज्याच्या शिक्षण खात्याने सांगितलं. म्हणजे ज्यांची फी आई-वडील आधीच भरत होते, त्यांची फी राज्य भरू लागलं. आपल्या शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांसाठीही सरकार खासगी शाळांना पैसे देतं, पण ते वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी. ॲरिझोनात लक्षाधीशाचं मूलही तितकंच पात्र आहे. याला मी पालकांचं स्वातंत्र्य म्हणू शकत नाही. सार्वजनिक तिजोरीने केलेली ही उलटी वाटणी आहे.

सह्यांपलीकडचं संस्थेचं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं, जरी त्याची बातमी होत नाही. ॲरिझोना विधिमंडळात सामान्य नागरिकाला कुठल्याही विधेयकावर आपला पाठिंबा किंवा विरोध संगणकावर नोंदवता येतो. फक्त खातं सुरू करायला एकदा विधिमंडळाच्या यंत्रापर्यंत जावं लागतं, आणि युमासारख्या दूरच्या गावाहून तिथे जाणं म्हणजे दिवस मोडणं. संस्थेचे कार्यकर्ते लोकांना हे शिकवतात. अधिवेशन चालू असताना दर आठवड्याला कुठलं शिक्षण-विधेयक कुठल्या समितीपुढे आहे, त्यात खरं काय लिहिलंय, कुणाला फोन करायचा, हे सोप्या भाषेत कळवलं जातं. फेब्रुवारी २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२३ मध्ये ती जुनी खर्चमर्यादा शिथिल झाली नसती, तर शाळांना वर्षाच्या मध्यात शंभर कोटी डॉलरहून अधिक कापावे लागले असते. शिथिलतेला दोन-तृतीयांश आमदार लागतात. दोन्ही वेळा ते मिळाले, आणि पालकांच्या फोनांचा त्यात वाटा होता.

दरम्यान सह्यांचा रस्ताच अरुंद करण्याचे प्रयत्न झाले. २०२२ मध्ये करवाढीच्या लोकप्रस्तावांना ६० टक्के मतं हवीत, अशी दुरुस्ती निसटत्या बहुमताने मंजूर झाली. २०२४ मध्ये विधिमंडळाने ‘प्रस्ताव १३४’ आणला: सह्या राज्याच्या तीसही मतदारसंघांतून वेगवेगळ्या ठरलेल्या प्रमाणात आल्या पाहिजेत. एका मतदारसंघात कमी पडल्या तरी सगळी मोहीम बाद झाली असती. मतदारांनी तो फेटाळला.

ड्यूसी यांच्यानंतरच्या राज्यपाल केटी हॉब्ज यांनी सत्तेवर येताच, जानेवारी २०२३ मध्ये, योजनेचा विस्तार मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. रिपब्लिकन बहुमताने तो बाजूला सारला. डिसेंबर २०२४ मध्ये दक्षिण फीनिक्सच्या रूझवेल्ट शाळा-जिल्ह्याने पाच शाळा बंद करायचं ठरवलं. या योजनेबरोबरच घटता जन्मदर, महागलेली घरं, सरकारी पैशावर स्वतंत्रपणे चालणाऱ्या चार्टर शाळा अशी इतर कारणंही त्यामागे आहेत. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात योजनेचे पैसे घेणाऱ्या खासगी शाळांतल्या शिक्षकांसाठी बोटांच्या ठशांची पडताळणी आली. सरकारी शाळेतल्या शिक्षकाला ती कधीपासूनच बंधनकारक आहे. इतकी साधी अट घालून घ्यायला दोन अधिवेशनं गेली. हिशेबतपासणी, निकालांची जाहीर नोंद आणि उत्पन्नाची मर्यादा या संस्थेच्या मागण्या मात्र तेव्हा समित्यांच्या दारातच राहिल्या. दर जानेवारीत अधिवेशन सुरू झालं की त्या पुन्हा मांडल्या जातात.