जाम झालेली पिन

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक लोखंडी पिन ठेवलेली असते. ट्रकच्या मागच्या पाट्याची ही शॅकल पिन. अंगठ्याहून जाड, एका टोकाला हातोड्याचे घाव बसून बसून पसरलेली. १९८५ च्या मे महिन्यात रत्नागिरीला मामाच्या गॅरेजात ती निघाली. निघायच्या आधी तिच्या तोंडाचा एक कपचा उडाला आणि मामाच्या उजव्या डोळ्यात गेला. डोळा वाचला नाही. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो आणि ट्रकखाली टॉर्च धरून बसलो होतो.

पुढं मी कारकुनी केली. इंजिनिअरिंगचं शिक्षण मला नाही. जे काही समजलं ते रद्दीच्या दुकानांत मिळालेल्या जुन्या मॅन्युअलांतून, ग्रंथालयांतून आणि गॅरेजातल्या मंडळींशेजारी उकिडवं बसून. या वाचनातून एक तक्रार मात्र मनात पक्की झाली. नट-बोल्टाचा इतिहास भरपूर लिहिला गेला आहे, पण तो सगळा घट्ट करण्याचा. सोडवण्याचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. कुठल्याही मॅन्युअलमध्ये पाहा, बोल्ट काढा असं अर्ध्या ओळीत सांगितलेलं असतं आणि पुढची पाच पानं बसवण्याची. दहा पावसाळे खाल्लेला बोल्ट अर्ध्या ओळीत निघत नाही, हे ज्यांना माहीत होतं त्यांच्या हाती लेखणी नव्हती.

लिहिलेला इतिहास थोडक्यात असा. इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखाना आपापल्या मनाप्रमाणे आटे पाडत असे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसेल याची खात्री नसे. जोसेफ व्हिटवर्थ या कारागिराने ठिकठिकाणच्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, मापं घेतली, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये ५५ अंशांच्या आट्याचं प्रमाण मांडलं. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचा आटा पुढं आणला. दोन्ही देशांच्या आट्यांचा हा पाच अंशांचा बेबनाव दुसऱ्या महायुद्धात फार महाग पडला, कारण एकीकडची यंत्रं दुसरीकडच्या सुट्या भागांनी दुरुस्त होईनात. शेवटी नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एका समाईक आट्यावर सह्या केल्या. युरोपात तोवर मिलिमीटरचे आटे रुळलेले होतेच.

या भांडणाचा खरा हिशोब चुकता झाला तो आपल्याकडच्या गॅरेजांत. गिरण्या आणि रेल्वे कारखान्यांबरोबर आपल्याकडे इंची माप आलं. अँबॅसडर ही मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, म्हणून तीही इंची. कुर्ल्याला प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये तयार होणारी फियाट ११०० इटलीची, म्हणजे मिलिमीटरची. तीच पुढं पद्मिनी झाली आणि मुंबईची टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत धावली. एकाच गॅरेजात या दोन्ही गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहत, आणि मेकॅनिककडे पान्यांचा संच बहुधा दीडच असे. अर्ध्या इंचाचा पाना म्हणजे १२.७ मिलिमीटर. तेरा नंबरचा पाना त्यावर बसतो, बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की बोल्टाच्या डोक्याचे कोपरे खातो. उलट पाऊण इंच म्हणजे १९.०५, त्यावर एकोणीसचा पाना बिनधास्त चालतो. कुठला चालतो आणि कुठला दगा देतो, हे पोरं कानफटात खाऊन शिकत. गोल झालेल्या डोक्याच्या कितीतरी बोल्टांचं मूळ गंजात नसून या पाव-अर्ध्या मिलिमीटरच्या घोळात आहे.

याच कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि प्लिमथ गाड्याही बाहेर पडत. त्या क्रायस्लर कंपनीच्या घराण्यातल्या. चाक फिरताना नट सैल पडू नये म्हणून या घराण्यात डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असत. ज्याला हे ठाऊक नाही तो नट सोडवतोय असं समजून जीव खाऊन आवळत राहतो आणि शेवटी स्टड तोडतो. मामा नव्या पोराला पहिल्या दिवशी सायकलचं डावं पेडल काढायला लावायचा. तेही उलट्या आट्याचं. पोरगं घामाघूम झालं की म्हणायचा, "आता उजवीकडे फिरव रे." पुढं त्या पोराच्या हातून चाकाचा स्टड तुटत नसे.

आता गंज. लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो. आट्यांच्या फटीत ती जागा नसते, म्हणून तो पाचरीसारखा दाबत जातो. सस्पेन्शनच्या बोल्टांत याहून वाईट प्रकार होतो. कारच्या आर्मच्या टोकाला रबरी बुश असतो, त्याच्या पोटात लोखंडी नळी आणि नळीतून बोल्ट. खाऱ्या हवेत नळी आणि बोल्ट यांचं एकजीव होऊन जातं. नट निघतो, पण बोल्ट फिरवला तर रबर पिळून त्याच्याबरोबर फिरतं आणि पाना सोडला की परत मूळ जागी येतं. बोल्ट हलतोय असं वाटतं, हलत मात्र काहीच नाही. इथं जोर वाया जातो. बुशच्या दोन्ही अंगांना हॅक्सॉचं पातं घालून बोल्ट कापायचा आणि बुशसकट नवा घालायचा, हाच उपाय. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांना ताकद देणारा अ‍ॅक्सल घरोघरी पोचला. त्याचे दाते हबमध्ये असेच गंजून बसतात. अनाडी माणूस अ‍ॅक्सलच्या उघड्या टोकावर घण घालतो आणि आटे चेपून टाकतो. जाणता माणूस नट पुन्हा टोकाशी सपाट होईल इतका चढवतो, मध्ये पितळेचा तुकडा धरतो, नाहीतर पुलर लावतो.

जुना उपाय रॉकेलचा. रात्री चोपडून ठेवायचं, अधूनमधून हलके टोले द्यायचे आणि सकाळी पाना लावायचा. दुकानात निळ्या-पिवळ्या डब्यात मिळणारं डब्ल्यूडी-४० हे खरं तर या कामासाठी जन्मलेलं नव्हे. १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोच्या एका छोट्या कंपनीने अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यावरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी ते बनवलं. चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून नावात चाळीस. मामाने तो डबा कधी पाहिलाही नव्हता. त्याच्याकडे मेणबत्ती असे. नट तापवायचा आणि आट्यांच्या तोंडाशी मेण टेकवायचं. वितळलेलं मेण फटीत आपोआप ओढलं जातं.

आणि तापवणं ही विद्या तर व्हिटवर्थच्या फार आधीपासून आपल्या गावांत होती. बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव चढवतो ती याच हिशेबाने. लोखंडी धाव विस्तवात लाल करायची, फुगली की लाकडी चाकावर घालायची आणि पाणी ओतायचं. आवळून बसते. गॅरेजात हेच उलटं चालतं, बाहेरचा नट तापवून फुगवायचा. वीस मिलिमीटरचं भोक ५०० अंशांनी तापवलं तर साधारण ०.१२ मिलिमीटरने मोठं होतं. केसाएवढी ही फट गंजाची पकड मोडायला पुरते. मात्र नट तापेपर्यंत आतला बोल्टही तेवढाच तापला तर फायदा शून्य. भट्टीच्या किंवा स्टोव्हच्या आचेवर नेमकं तेच होतं. म्हणून १९०३ मध्ये फ्रान्समध्ये फूशे आणि पिकार यांनी बनवलेली ऑक्सिजन-अ‍ॅसिटिलीनची मशाल मला कुठल्याही प्रमाणित आट्याइतकीच महत्त्वाची वाटते. तीन हजार अंशांच्या वरची ती ज्योत सुपारीएवढ्या जागेवर धरता येते. बाहेरचं तापतं आणि आतलं अजून गार असतं, तेवढ्या काही सेकंदांत काम साधायचं. लाल केलेला बोल्ट पुन्हा वापरायचा नाही, त्याची ताकद गेलेली असते. शेजारच्या रबराला आणि पेट्रोलच्या नळीला ओलं फडकं गुंडाळायचं. गॅस मारणाऱ्याला हे कोणी लिहून दिलेलं नसतं.

मामा हे सगळं जाणत होता. म्हणूनच त्या दिवसाचं कोडं मला वर्षानुवर्षं सुटत नव्हतं. ट्रक जांभ्या चिऱ्याची वाहतूक करणारा. ग्रीस कित्येक महिन्यांत भरलेलं नव्हतं. पिनेला आटे नाहीत, ती गुळगुळीत. अडकवणारा बाजूचा बोल्ट निघालेला होता. रॉकेल झालं, मेण झालं, दोनदा गॅस झाला. मालक डोक्यावर उभा होता, संध्याकाळच्या खेपेची घाई. मामाने पितळी तुकडा बाजूला टाकला आणि सरळ पोलादावर पोलाद घातलं. कठीण पोलादाचा कपचा असाच उडतो. घरात सगळे म्हणाले, गंजाने घात केला. मामाही तेच म्हणत असे.

तीन वर्षांपूर्वी मी या पिनेला व्हर्निअर लावला. दोन्ही टोकांना जाडी सारखी भरली. मधला भाग, जिथं ब्राँझचा बुश घासतो, तो एका बाजूने जवळजवळ दीड मिलिमीटर खाल्ला गेला आहे. खाचेच्या कडेला नखाला लागेल अशी पायरी तयार झाली आहे. गंजाचे खड्डे फारसे नाहीतच. ही पिन गंजाने जाम झालेली नव्हती. पाट्याच्या ताणाने बुश त्या खाचेत दाबून धरला होता आणि पायरी त्याला अडत होती. रॉकेल, मेण, गॅस यांचा इथं काडीचा उपयोग नव्हता. पाट्याखाली दुसरा जॅक लावून अर्धा-पाऊण इंच वर-खाली केलं असतं तर भार सुटला असता, आणि पिन हलक्या टोल्याने बाहेर आली असती. गॅरेजात जॅक दोन होते. मला आठवतं, दुसरा माझ्या पायाशीच पडलेला होता.

मी हे सांगायला रत्नागिरीला गेलो तेव्हा मामा पडवीत खुर्चीवर बसला होता. वय त्र्याऐंशी. पिन त्याच्या हातात दिली. त्याने ती डोळ्याजवळ नेली नाही, अंगठा फिरवला. खाचेवर अंगठा थांबला, पुन्हा मागं गेला, पुन्हा पायरीवर आला. बराच वेळ गप्प होता. मग मामी चहा घेऊन आली तेव्हा तिला म्हणाला, "भार होता गं तिच्यावर. गंज नव्हता."